गुळेकरची किल्ली

हे कुणाला सांगायचं नाही, अशी आईची ताकीद आहे. पण माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते.

दिवेआगरला आई, सुलूमावशी आणि मी अशा आम्ही तिघींनी गुळेकरकडून स्कूटर भाड्याने घेतली आणि दुपारी ती लॉजच्या दारातून चोरीला गेली. गुळेकरने आईचं लायसन्स गल्ल्यात अडकवून ठेवलं. आई शाळेची व्हॅन चालवते. लायसन्स नाही, तर सोमवारपासून काम नाही.

"बाई, किल्ली तुम्ही गाडीलाच ठेवली असणार. असल्या निष्काळजीपणाला विमा मिळत नाही. नवी गाडी घेऊन द्या," तो चारचौघांत ओरडला.

सुलूमावशीने किल्ली टेबलावर ठेवली. "ही काय किल्ली."

"मग तुम्ही चोराला सामील. ह्या किल्लीशिवाय माझी गाडी ब्रह्मदेवालाही चालू करता येणार नाही."

मी मावशीच्या कानात दोन वाक्यं बोलले. तिने तीच किल्ली उचलली आणि बाहेर रांगेत उभी असलेली पहिली स्कूटर चालू केली. मग दुसरी. मग तिसरी.

"गुळेकर, तुमच्या गाड्यांची कुलपं झिजून गेलीत," ती म्हणाली. "ब्रह्मदेव राहू द्या, तुमचं कुठलंही गिऱ्हाईक आमची गाडी नेऊ शकतं. निष्काळजी कोण, हे विमावाल्यांना तुम्ही सांगता, की मी सांगू?"

गुळेकरने गल्ला उघडून लायसन्स पुढे केलं.

सगळे मावशीचं कौतुक करतात. सकाळी गुळेकर डब्यातून हाताला येईल ती किल्ली देत होता, हे मात्र तिने पाहिलंच नव्हतं. ते पाहिलं होतं फक्त... आले गं आई, एवढं वाक्य