आलोचरावाचा पांगुळगाडा

एका गावात एक सुतार होता आणि त्याला दोन नावं होती. आईबापांनी ठेवलेलं नाव रावजी, गावाने ठेवलेलं नाव आलोचराव. पहिलं नाव बारशाच्या दिवशी कामाला आलं ते आलं. दुसरं मात्र रोज कामाला येई.

हे दुसरं नाव पडलं त्याच्या एका सवयीमुळे. घरातून कुणीही हाक मारली की रावजी मागच्या पडवीतून लगेच ओरडे, "आलोच!" आवाज इतका खणखणीत की ऐकणाऱ्याला वाटावं, हा बाबा दारात पोचलासुद्धा. आणि रावजी? रावजी जागचा हललेला नसे.

"अहो, शेळी पडवळाच्या वेलाला लागलीय, हाकला तिला!"

"आलोच!"

शेळी पडवळाचा वेल संपवी आणि भोपळ्याकडे वळे.

"अहो, पान वाढलंय, भाकरी गार होतेय!"

"आलोच!"

भाकरी गार होई, मग कडक होई, मग मांजर तिच्याकडे आशेने बघू लागे.

त्याला आळशी म्हणावं तर तसंही नव्हतं. उलट त्याच्याइतका कामसू माणूस त्या पंचक्रोशीत नव्हता. तो लाकडी खेळणी करी. बैल, घोडे, भोवरे, लाल-हिरव्या रंगाच्या ठकी बाहुल्या. हातात लाकूड आलं की त्याला जगाचा विसर पडे. तो खोटं बोलत होता असंही नाही. "आलोच" म्हणताना तो मनाने खरोखरच निघालेला असे. पाय तेवढे पडवीत राहत.

त्याची म्हातारी आई डोक्याला हात लावून म्हणे, "आपल्याकडे जाणारा माणूस 'येतो' म्हणून जातो, ते मला समजतं. पण न येणारा माणूस 'आलो' म्हणून बसून राहतो, ही तऱ्हा आमच्याच घरात!"

"आई, हा एवढा घोड्याचा कान झाला की आलोच," रावजी म्हणे. घोड्याला दुसराही कान असतोच.

लग्नाला बरीच वर्षं झाली आणि रावजीच्या घरी मुलगी झाली. काय तो आनंद! रावजी हातातल्या रंध्यासकट गल्लीभर धावला. दिसेल त्याच्या हातावर साखर ठेवत सुटला. एका बैलाच्याही तोंडाला त्याने साखर लावली म्हणतात. दुपट्यात गुंडाळलेली लेक पहिल्यांदा बघितली तेव्हा तो बायकोकडे बघून ओरडलाच, "अगं सगुणे, ही तर माझी ठकी! गोल तोंड, टपोरे डोळे, फक्त रंग द्यायचा राहिलाय!" झालं, मुलीचं नाव ठकी पडलं. बारशाचं नाव तिचंही फुकट गेलं.

त्याच दिवशी रावजीने ठरवलं, लेकीसाठी पांगुळगाडा करायचा. तीन चाकांचा, धरून चालायला शिकायचा गाडा. पण साधासुधा नाही. असा, की तसा गाडा राजाच्या पोरीलाही मिळाला नसेल! पुढे मोर बसवायचा. मोर मान हलवील. चाक फिरलं की घुंगरू वाजतील. दांड्यावर वेलबुट्टी, दोन्ही बाजूंना पोपट. रावजीला रात्री झोप येईना. ठकीने अजून मान धरली नव्हती, आणि हा तिच्या गाड्याची चाकं कातत होता.

ठकी वाढू लागली आणि घरात रोज काहीतरी नवल घडू लागलं.

"अहो, या लवकर! ठकी पालथी पडली!"

"आलोच! एवढी मोराची चोच झाली की आलोच!"

तो येईपर्यंत ठकी उताणी होऊन, अंगठा चोखत झोपलेली असे.

"अहो, दात आला दात! वाटी लावली की टक्कन वाजतोय!"

"आलोच!"

तो आला तेव्हा ठकी तोंड घट्ट मिटून बसली होती. रावजीने गुदगुल्या केल्या, वेडीवाकडी तोंडं केली, मांजराचा आवाज काढला. ठकीने काही तोंड उघडलं नाही. रावजीला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. पण तो स्वतःशी म्हणाला, "असू दे. दात काय, पुष्कळ येतील. एकदा गाडा होऊ दे, मग मी आणि माझी लेक!" आणि तो पुन्हा पडवीत गेला.

मग घरात एक पैज लागली. ठकी पहिला शब्द कोणता बोलणार?

"आई," सगुणा म्हणाली. "दिवसभर तिच्याशी मीच बोलते."

"आजी," म्हातारी म्हणाली. "तिला झोपवतं कोण?"

"बाबा!" रावजी म्हणाला. "अगदी सोपा शब्द. ओठाला ओठ लावला की झालं. तिच्यासाठी गाडा करतोय कोण?"

शेवटी असं ठरलं, की ठकी ज्याचं नाव आधी घेईल, त्याने तिला बोट धरून पहिल्यांदा देवळापर्यंत चालवत न्यायचं. रावजीने ही पैज फारच मनाला लावून घेतली. पटाशी मारता मारता तो तालावर पुटपुटू लागला, "बा-बा, बा-बा." पण हे सगळं पडवीत. तिथे ते ऐकायला फक्त मोर होता, आणि तोही लाकडाचा.

बघता बघता संक्रांत आली आणि ठकीचं बोरन्हाण ठरलं. घरात नुसती धांदल! सगुणाने काळं झबलं शिवलं. शेगडीशी बसून, बोटं भाजून घेत, तिने हलव्याचे दागिने केले. मुकुट केला, हार केला, इवलेसे बाजूबंद केले. म्हातारीने बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या सगळं सुपात एकत्र केलं. गल्लीतली पोरं सकाळपासूनच दारात घिरट्या घालू लागली. त्यांचं सगळं लक्ष सुपाकडे होतं.

गाडाही तयार झाला होता! मोर मान हलवत होता, घुंगरू वाजत होते. रावजी तर हवेत होता.

सगुणा म्हणाली, "हे बघा, आज तरी 'आलोच' म्हणू नका. आज या."

"आज? अगं, आज सगळ्यांच्या आधी मी! आज मी ठकीला गाड्यात उभी करणार!"

आणि तो खरंच निघाला होता. गाडा ढकलत पडवीच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. तेवढ्यात मागचं चाक करकरलं.

"अरेच्चा," रावजी म्हणाला. "एवढं तेल सोडतो."

तेल सोडायला चाक काढलं. चाक काढल्यावर कणा जरा तासायला हवा असं दिसलं. कणा तासला तर चाक ढिलं झालं.

"अहो, पाटावर बसवलीय! औक्षण करतोय!"

"आलोच!"

"अहो, बोरं घालतोय डोक्यावर! पोरं थांबेनात!"

"आलोच, आलोच!"

मग पुढच्या अंगणात एकच गलका उठला. बोरं घरंगळल्याचा आवाज, पोरांची झोंबाझोंबी, बायकांचं हसणं. आणि मधेच सगळं एकदम शांत झालं. अगदी चिडीचूप. मग असा हशा फुटला, की पडवीच्या कौलावरची कबुतरं उडाली.

रावजी ताडकन उठला. बोलली! ठकी बोलली! त्याने चाक ठोकलं, गाडा खांद्यावर टाकला आणि धावत सुटला.

"काय म्हणाली? 'बाबा' म्हणाली ना? सांगा ना!"

अंगणात सगळी मंडळी पोट धरधरून हसत होती. शेजारची तांबटीण तर डोळे पुसत होती. कुणी काही सांगेना. सगुणा तेवढी हसत नव्हती. ती म्हणाली, "तुम्हीच हाक मारून बघा."

रावजीने गाडा खाली ठेवला. घुंगरू वाजले, मोराने मान हलवली. पोरांनी "आऽ!" केलं. पण रावजीचं लक्ष पाटावरच्या लेकीकडे होतं. मुकुट एका कानावर आलेला, मांडीत बोरांचा ढीग. तो गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "ठके! ये बाबाकडे!"

ठकीने वर बघितलं. बाबाला बघून तिचं तोंड आनंदाने फुललं. आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली, "आओच!"

म्हणाली, आणि पुन्हा बोरांशी खेळू लागली.

अंगणात पुन्हा हशा. रावजीही हसला, सगळ्यांत मोठ्याने हसला. "अरे वा! बोलली की! ये, ठके, ये!"

"आओच!" ठकी मान वर न करता म्हणाली आणि तिने एक बोर चाटून बघितलं.

"रावजीभावजी," तांबटीण म्हणाली, "ही तुमचीच शिकवण हो! आईचं ऐकून बोलली असती तर 'आलेच' म्हणाली असती. मुलीच्या जातीला 'आलोच' कुणी शिकवलं?"

"आणि पैजही तूच जिंकलास," म्हातारी म्हणाली. "सगळं गाव तुला आलोचराव म्हणतं. पोरीने तुझंच नाव घेतलं."

पुन्हा सगळे हसले, पण आता रावजीला हसू येईना. त्याचे हात तसेच पसरलेले होते आणि लेक हाताच्या अंतरावर बसलेली होती. ती येणार नव्हती. रुसली म्हणून नव्हे, रागावली म्हणूनही नव्हे. तिला वाटत होतं, हाकेला एवढंच करायचं असतं. तोंडाने "आलोच" म्हणायचं आणि आपला खेळ पुढे चालू ठेवायचा. बिचारीने दुसरं काही बघितलंच नव्हतं. इतके दिवस दाराशी उभं राहून वाट बघणाऱ्या सगुणाला काय वाटत असेल, ते रावजीला त्या घटकेला कळलं आणि त्याला फार लाज वाटली.

शेवटी तोच पुढे सरकला आणि त्याने ठकीला उचललं. त्या रात्री तो नीट जेवला नाही.

आता तुम्ही म्हणाल, रावजी सुधारला. छे! सवय अशी एका दिवसात सुटते होय? दुसऱ्याच दिवशी सगुणाने हाक मारली आणि त्याच्या तोंडून "आलो" निघालंच. 'च' तेवढा त्याने दातांखाली धरला आणि उठला. मग रोज हे असं चालू झालं. कधी उठे, कधी विसरे. विसरला की आतून ठकीचा आवाज येई, "आओच!" तो ऐकला की रावजी हातातलं टाकून धावे.

गाड्याचं काय झालं? ठकीने गाड्याला हात लावला नाही. तिला मोराची भीती वाटे! तो मान हलवू लागला की ती भोकाड पसरी आणि सरपटत आजीच्या लुगड्याआड जाई.

एके दिवशी सकाळी रावजी एका बैलाला लाल रंग देत होता. रंग ओला होता, हात रंगाने माखलेले होते. अर्धा बैल लाल झाला होता, आणि अर्ध्यात थांबलं की रंगाचा डाग पडतो हे कुठल्याही सुताराला ठाऊक असतं. तेवढ्यात सगुणाची हाक आली. पण ही हाक वेगळीच होती, श्वास रोखून मारलेली.

"अहो! ठकी उभी राहिली! हात सोडून!"

रावजीचं तोंड उघडलं. "आ—"

त्याने हातातल्या बैलाकडे बघितलं, आणि बैल फेकला! रंगाचं मडकं लवंडलं, पटाशी कुठेतरी पडली, एक पाय रंगात बुडाला. रावजी लाल पावलं उमटवत, एक शब्द न बोलता, अंगणात पोचला.

ठकी अंगणाच्या मध्यावर उभी होती. पाय थरथरत होते, दोन्ही हात वर, चेहरा असा गंभीर की जणू तिला कुणी मोठं काम सांगितलंय. सगुणा हात पुढे करून जवळ बसलेली, म्हातारी दारात देवाचं नाव घेत उभी. रावजी धापा टाकत खाली बसला. त्याने हाक मारली नाही. नुसते हात पसरले.

ठकीने बाबाला बघितलं. हाकेसरशी धावत आलेल्या, समोर बसलेल्या बाबाला! तिने एक पाऊल टाकलं. डुगडुगली. सगुणाने हात आणखी पुढे केले. ठकीने दुसरं टाकलं, मग तिसरं, आणि मग पावलं मोजायला कुणाला भान राहिलं नाही. ती धडपडत, हसत, धावतच आली आणि रावजीच्या छातीवर आदळली. त्याच्या मानेला मिठी मारून ती ओरडली, "आओच!"

आणि या वेळी ती खरंच आली होती.

रावजी रडला. लाल हातांनी त्याने लेकीला घट्ट धरलं. तिच्या पांढऱ्या झबल्यावर दोन्ही पंजे उमटले. सगुणाने ते झबलं कधी धुतलं नाही. बैल मात्र अर्धा लालच राहिला. तो आता गाड्यात, मोराच्या शेजारी उभा असतो, आणि ठकीला या बैलाची भीती वाटत नाही.

"ऊठ आता," म्हातारी डोळे पुसत म्हणाली. "पैज जिंकलायस ना? ने तिला देवळात."

रावजी ठकीचं बोट धरून निघाला. फाटकाशी पोचला नाही तोच मागून सगुणाने हाक मारली, "अहो, तिचं टोपडं राहिलं!"

आणि आलोचराव काही न बोलता मागे फिरला.

तात्पर्य: मुलं आपण सांगतो ते शिकत नाहीत, आपण हाकेला काय करतो ते शिकतात. म्हणून घरातून कुणी बोलावलं तर आधी पाय उचलावेत. शब्द मागून आला तरी चालतो.