आधी डोळे आखा

पेणच्या हरिश्चंद्र वडक्यांसारखे गणपतीचे डोळे आखणारा हात अख्ख्या तालुक्यात नव्हता, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. त्यांच्या मूर्तींच्या कारखान्यासाठी सॉफ्टवेअर करायला आलेली मेघना टिपणीस मात्र तीन दिवस नुसती विचारत फिरत होती: मागणी कोण घेतं, माती कोण मागवतं, मूर्ती बाहेर कधी पडते.

चौथ्या दिवशी वडके सगळ्या कारागिरांसमोर कडाडले, "बाई, चौकशा पुरे! संध्याकाळपर्यंत पडद्यावर बटणं दिसली नाहीत, तर काम दुसऱ्याला देतो. बाकीचं मागाहून बसवा."

मेघनाने शांतपणे एक कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला. "चालेल. तोवर यावर तुमचे ते नावाजलेले डोळे आखून द्या. मूर्ती आपण मागाहून बसवू."

"वेड लागलंय का?" वडके उसळले. "मूर्ती केवढी, बसलेली की उभी, मान कुठे वळलेली, हे ठरल्याशिवाय डोळे आखायचे कुठे? आमच्यात डोळे सगळ्यात शेवटी!"

"आमच्यातही," मेघना म्हणाली आणि ताठ मानेने तिने वही उघडली.

कारागिरांत हशा पिकला. वडक्यांनी स्वतः स्टूल पुढे ओढलं. "बसा, विचारा. पण बटणांना रंग मी सांगेन तोच!"