उकरलेली सुपारी

खाडीवर पूल नव्हता आणि आमच्या देऊळवण्याला यायला होडीशिवाय वाट नव्हती, त्या काळात गावात मथुराक्का नावाची बाई राहत होती. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. गावाचं सगळं पोट पोफळीच्या बागांवर होतं, आणि सुपारीची रोपं करावीत ती मथुराक्कानंच. तिनं पुरलेलं बी कधी फुकट गेलं नाही, असं म्हणतात.

एका वर्षी असं वादळ आलं की पोफळी केरसुणीच्या हिरांसारख्या मोडल्या. खाडीपलीकडची गावंही आडवी झाली. उभी राहिली ती मथुराक्काच्या मागल्या दारची एकच म्हातारी पोफळ. वाऱ्यात तिचा शेंडा जमिनीला टेकला आणि पुन्हा वर गेला, असं म्हणतात.

त्या पोफळीची सुपारी पिकून केशरी झाली, तेव्हा मथुराक्कानं घोस दोराला बांधून हळूहळू खाली उतरवून घेतले. एकही सुपारी आपटू दिली नाही. मग सुपाऱ्या घंगाळातल्या पाण्यात टाकल्या. देठ वर करून उभ्या तरंगल्या, तेवढ्याच बियाण्याला घेतल्या आणि घराघरात ओंजळ ओंजळ वाटल्या. स्वतःला एकही ठेवली नाही.

"न्हाणीजवळ वाळूत पुरा," तिनं सांगितलं. "देठ वर असू द्या, रोज पाणी शिंपडा. आणि कोंब आपणहून वर येईपर्यंत हात लावू नका."

"आणि आलाच नाही तर गो?" भिकूतात्यानं विचारलं.

"तात्या, घाई तुम्हाला आहे. सुपारीला नाही."

लोक हसले. घरी जाऊन त्यांनी तिनं सांगितलं तसंच सगळं केलं. पण बाग गेली, आता पुढे खायचं काय, ही काळजी प्रत्येकाला होती. भर दुपारी घर पेंगलं, की कुणीतरी एकटंच न्हाणीमागे जायचं, बोटानं वाळू सारायचं, सुपारी वर काढून बघायचं आणि पुन्हा दडपून ठेवायचं. आज सासू, उद्या सून. प्रत्येकाला वाटायचं, मी एकदाच तर बघितली.

कोंब काही वर आले नाहीत. गाव चिडलं. सगळे आपापल्या सुपाऱ्या पदरात घेऊन मथुराक्काच्या अंगणात जमले. भिकूतात्याची बायको सरूवहिनी सगळ्यांच्या पुढे होती.

"अगो मथुराक्का, तुझं बियाणं तुझ्यासारखंच निघालं," ती म्हणाली. "वांझ!"

मागे कुणीतरी हसलं. त्याला कुणी गप्प केलं नाही.

मथुराक्कानं मोठी टोपली आणून अंगणात ठेवली आणि सुपाऱ्या तिच्यात ओतायला लावल्या. मग एक उचलली, देठाकडचं टोक अंगठ्यानं पुसलं आणि ती सरूवहिनीच्या तळहातावर ठेवली. टोकाशी कोवळा कोंब मोडून, वाळून काळा पडला होता. दुसरीलाही तसंच. तिसरीलाही.

"उगवल्या होत्या गो सगळ्या," ती एवढंच म्हणाली.

अंगणातल्या एकाही माणसानं मान वर केली नाही. त्या सुपारीचा चटका सरूवहिनीच्या तळव्याला जन्मभर जाणवत राहिला, असं म्हणतात.

मथुराक्कानं टोपली मागल्या दारी नेली, सगळ्या सुपाऱ्या पुन्हा वाळूत लावल्या आणि शेजारी बसून राहिली.

खरं तर तेव्हाच कुणीतरी जायला हवं होतं. पण तोंड कोण दाखवणार? "तिनंच सांगितलंय ना, मध्येच बघायचं नाही म्हणून," असं लोक एकमेकांना सांगत राहिले. आपल्या न्हाणीमागे ज्यांना राहवलं नव्हतं, तेच आता तिच्या घरावरून मान फिरवून जाऊ लागले. तिच्या चुलीचा धूर दिसेनासा झाला, तरी कुणी आत डोकावलं नाही.

शेवटी सरूवहिनी उठली. काय बोलायचं ते मनात घोळवत गेली. तिच्या मागून गाव गेलं.

मागल्या दारी मथुराक्का नव्हती. वाळूत ती बसल्याची जागा खोलगट झाली होती आणि तिच्याभोवती हिरवी रोपं उभी होती. प्रत्येक घराची जुडी वेगळी, लुगड्याच्या काठाच्या चिंधीनं बांधलेली. टोपलीत एक झालेल्या सुपाऱ्या तिनं घराघराच्या ओळखल्या कशा, कुणालाच कळलं नाही. मोडके कोंब तिनं आपल्या अंगाची ऊब देऊन जागवले, असं म्हणतात. तिला होडीत बसताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि वाळूत पावलंही उमटलेली नव्हती.

सरूवहिनीनं आणलेले शब्द तिच्या तोंडातच राहिले.

गावात आज दिसतात त्या साऱ्या पोफळी त्या रोपांच्या वंशातल्या. बियाणं पुरायची वेळ आली, की आमच्याकडे मूल नसलेल्या बाईला घरी बोलावतात, बसायला पाट देतात, तिची ओटी भरतात आणि पहिली सुपारी तिच्या हातून वाळूत लावून घेतात. तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांनी मान खाली घालून म्हणायचं असतं, "मथुराक्का, आमचं चुकलं." पुटपुटलेलं चालत नाही. शेजारच्या घरी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणावं लागतं.