सोनवडीच्या राजांचे अकरा अर्जंट

दसऱ्याच्या दरबाराला तीन दिवस उरले होते आणि गोविंदा शिंप्याच्या दुकानात अकरा कपडे पडले होते. अकराच्या अकरा अर्जंट!

हा शब्द सोनवडीच्या राजेसाहेबांनी एका गोऱ्या साहेबाच्या कचेरीतून उचलून आणला होता. तिथे म्हणे तो उच्चारला की कारकून पळत सुटत. राजांना तो भलताच आवडला. तेव्हापासून वाड्यातून येणाऱ्या प्रत्येक कपड्याला ‘अर्जंट’ची चिठ्ठी टाचलेली असे. राजांचा अंगरखा अर्जंट, हत्तीची झूल अर्जंट, दिवाणजींच्या तक्क्याचा अभ्रा अर्जंट, पोपटाच्या पिंजऱ्याचा पडदासुद्धा अर्जंट!

त्यात हुकूम सुटला, “एकही अर्जंट दुसऱ्याच्या मागे राहिलं, तर दुकानाला कुलूप!”

गोविंदा रडकुंडीला आला. “ठके, हात दोन, मशीन एक. आता पोट कशावर भरायचं गं?”

“आबा, हुकूम आहे तस्संच शिवू या की!” त्याची लेक म्हणाली आणि मशीनवर बसली.

दसऱ्याच्या सकाळी ठकू गाठोडं घेऊन वाड्यावर हजर झाली. राजांनी हौसेनं अंगरखा चढवला. डावा हात बाहीत गेला, उजवा उघडाच राहिला.

“दुसरी बाही कुठाय?” राजे कडाडले.

“ती कशी शिवणार, सरकार? पहिली झाली तोवर झुलीच्या पहिल्या कडेची पाळी आली. मग अभ्र्याची, मग पोपटाच्या पडद्याची. अकराही कपडे अर्धे झालेत. कुणी म्हणून कुणाच्या मागं नाही!”

“अगं, संध्याकाळी दरबार आहे! मी काय एका बाहीनं सोनं वाटू?”

“मग काय करू, सरकार?”

“आधी अंगरखा! झूल थांबेल, अभ्रा थांबेल, तो पोपट तर दिवाळीपर्यंत थांबेल!”

ठकूनं लगेच दहा चिठ्ठ्या पुढे केल्या. “मग यांच्यावरचा अर्जंट तेवढा खोडा, सरकार. ‘थांब’ म्हणायला आम्हाला तोंड नाही. आबा म्हणाले असते तर दुकान गेलं असतं. तुम्ही म्हणालात, तर नुसता पोपट रुसेल!”

राजांनी आपल्या उघड्या हाताकडे पाहिलं आणि ते असे खदखदून हसले की नव्या बाहीची शिवण उसवली.

त्यांनी दहाही चिठ्ठ्यांवरचा ‘अर्जंट’ खोडून टाकला. “दिवाणजी, दुकानाची जागा हिच्या बापाला कायमची लिहून द्या!”

“जी सरकार,” दिवाणजी तक्क्याला टेकत म्हणाले, “सण आटोपला की सवडीनं लिहितो.”

“नाही हो दिवाणजी,” ठकू म्हणाली, “आजच्या दिवसात खरं अर्जंट एवढंच आहे!”

राजे पुन्हा हसले आणि सनद तिथल्या तिथे लिहून झाली.