भरलेलं मैदान

“मग चूक कुणाची, आक्का?”

रणधीर उंबऱ्यातूनच बोलला. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

कृष्णाक्का तंबोऱ्याच्या तारा पुसत होत्या. लहानपणी रणधीरच्या गळ्यात सूर घातला तो त्यांनीच. आता तो रॉक बँडचा गायक होता. आदल्या संध्याकाळी कोल्हापुरातलं अख्खं स्टेडियम त्याच्या नावावर भरलं होतं.

“तुम्ही होता की काल. एक तरी सूर हलला माझा?”

“नाही.”

“दिवे, धूर, ते एवढे मोठे पडदे... कशात काय कमी होतं?”

“कशातच नाही.”

“तरी निम्म्यात लोक खाली बसले. मोबाईल काढले. काही तर उठून चालायला लागले! आज परत तिथंच उभं राहायचंय मला. पब्लिकच थंड आपल्याकडचं, दुसरं काय?”

आक्कांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं.

मग म्हणाल्या, “तुझं ते पहिलं गाणं म्हण बघू.”

याच गाण्यानं त्याचं नाव झालं होतं. रणधीरनं डोळे मिटले आणि उचललं. आवाज खणखणीत लागला.

दुसऱ्या ओळीला आक्काही गाऊ लागल्या. थकलेला, फाटका आवाज. वर भलत्याच ठेक्यावर टाळ्या.

रणधीरचा हात वर झाला... जरा थांबा.

आक्का थांबल्या.

त्यानं अवघड तान घेतली, समेवर चोख आणून सोडली आणि डोळे उघडले. आक्का पुन्हा तारा पुसत बसल्या होत्या.

“आक्का, ऐकताय ना?”

“तू म्हण की. मी कशाला लागते?”

रणधीरची नजर आपल्या हाताकडं गेली.

कालही लोकांनी हेच गाणं उचललं होतं. तान स्वच्छ ऐकू जावी म्हणून त्यानं असाच हात वर केला होता. सगळं मैदान शहाण्यासारखं गप्प झालं होतं. आणि मग एकेक जण खाली बसला होता.

चहा न घेताच तो निघाला.

संध्याकाळी स्टेडियम पुन्हा भरलं. त्या गाण्याची पहिली ओळ सुटली आणि मैदान गायला लागलं. बेसूर, घाईत, ठेक्याच्या पुढं. सवयीनं रणधीरचा हात उठला.

अर्ध्यावर थांबला.

त्यानं तो खाली घेतला. माईकही तोंडापासून लांब केला.

ड्रमवाला लोकांमागं धावत होता. अगदी वरच्या पायऱ्यांवर आवाज उशिरा पोचायचा, तिथले लोक ओळभर मागं राहिले होते. रणधीर त्यांच्यासाठी थांबला. ते पोचले, तसं खालचं मैदान ओरडलं आणि सगळ्यांनी मिळून तीच ओळ पुन्हा धरली.

तान घ्यायची राहूनच गेली. तो हसत होता, पण डोळे भरून आले होते.

कोणी खाली बसलं नाही. कोणी उठून गेलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर आक्का स्टेजमागं आल्या. पदर घामानं भिजलेला, घसा पार बसलेला.

रणधीर पायाशी वाकला.

“आक्का... आज कसा गायलो?”

आक्कांनी त्याच्याकडं नवलानं बघितलं.

“तू गायलास होय रे? मला ऐकूच नाही आलं.”