डोळ्याशेजारचं हाड

उदासगिरी महाराज त्या वर्षी कोंढेवाडीस, नदीकाठच्या महादेवाच्या देवळात उतरले होते. कुणी भाकर दिली तर खावी, नाही तर ओवरीत पडून राहावं, असा त्यांचा थाट. त्यांना रोज सनई वाजवून जागवी तो सटवाजी वाजंत्री. लहानपणी देवी आल्या त्यात उजवा डोळा गेलेला; डाव्यावरच त्याचा सारा संसार चालला होता. पण काय त्या गरिबाची भक्ती! महाराज उठल्याशिवाय तो तोंडात पाणी घालत नसे.

गावात वैजनाथशास्त्री नावाचे वैद्य होते. विद्या मोठी, हातगुण चांगला, पण ताठा असा की विचारू नका. विटाळाच्या भीतीने ते सटवाजीसारख्यांना हात लावत नसत. रोग्याने अंगणात उभं राहून मनगटाला रेशमी दोरा बांधायचा आणि शास्त्रीबुवांनी ओट्यावर बसून दोऱ्याचं दुसरं टोक धरून नाडी पाहायची!

एके सकाळी सटवाजी उठला तो सगळा अंधार. डावा डोळाही गेला होता. बायकोने हात धरून त्याला वैद्यांच्या अंगणात नेलं. शास्त्रीबुवांनी दोरा धरला, लांबूनच तो पुढे आलेला, लाल डोळा पाहिला आणि सांगून टाकलं की, फुंकून फुंकून वात डोळ्यात चढला, आता दृष्टी येणे नाही. वर हसून म्हणाले, "रोज त्या गोसाव्याला जागवतोस ना? मग सांग त्याला दिवा लावायला."

सटवाजीने खाली मान घातली. कितीतरी दिवस दाढ ठणकत होती, तेही तो बोलला नाही. दाढ गेली की सनईची फुंक फसते आणि देवळातला मान दुसऱ्याकडे जातो. म्हणून ही वाजंत्री मंडळी दातांचं दुखणं घरातसुद्धा सांगत नसत.

बायको त्याला थेट देवळात घेऊन आली आणि महाराजांपुढे ओक्साबोक्शी रडली. शास्त्रीबुवाही मागोमाग आले, गंमत पाहायला, आणि त्यांच्यामागे सारा गाव. महाराजांनी सटवाजीचा चेहरा ओंजळीत धरला. डोळ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांची बोटं गालाच्या हाडावरून फिरली आणि एका जागी थांबली. सटवाजी कळवळला.

महाराज म्हणाले, "शास्त्रीबुवा, इथे बोट ठेवा."

शास्त्रीबुवा मागे सरले. तेव्हा महाराजांनीच त्यांचा हात धरून सटवाजीच्या गालावर टेकवला. अहाहा, काय तो क्षण! हाड तापलेलं होतं आणि बोटाखाली दबत होतं. एवढ्या वर्षांची विद्या त्या बोटांत जागी झाली आणि शास्त्रीबुवांचा चेहरा उतरला.

"हाडात पू झालाय," ते पुटपुटले. "दाढेच्या मुळापासून वर चढलाय, त्याने डोळा मागून दाबलाय. डोळ्याला रोग नाहीच."

"मग करा मोकळा."

"उशीर झाला, महाराज. आणि हाडापर्यंत शस्त्र घालायचं, हा वेदनेनेच प्राण सोडेल."

"वेदनेचं मी बघतो. तुम्ही हात चालवा," महाराज म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

शास्त्रीबुवांनी घरून हत्यारं मागवली, दाढ काढली, तिच्या मुळाशी शस्त्र घातलं. वाडगाभर पू निघाला. बघणाऱ्यांच्या अंगावर काटा आला, पण सटवाजीने हूं की चूं केलं नाही. सगळ्यांच्या नजरा त्याच्याच तोंडावर खिळल्या होत्या.

बायकोने पदर भिजवून त्याचा चेहरा पुसला. बऱ्याच वेळाने पापणी हलली. सटवाजीने समोर पाहिलं आणि तो घाबरून म्हणाला, "महाराज, तुमच्या गालाला काय झालं?"

सगळे वळले. महाराजांचा डावा गाल टरारून सुजला होता, ओठांच्या कोपऱ्यातून रक्त ठिबकत होतं, आणि ते सटवाजीकडे बघून हसत होते.

शास्त्रीबुवांच्या हातातलं शस्त्र गळून पडलं. स्नानाचा विचारही मनात न येता त्यांनी त्याच भरल्या हातांनी महाराजांचे पाय धरले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि सटवाजीकडे बोट केलं. शास्त्रीबुवा गुडघ्यांवरच वळले आणि अख्ख्या गावादेखत त्या वाजंत्र्याच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं.