खिंडीतला हॉर्न

सकाळचे सात वाजले होते आणि जागा होती खिंडीच्या तोंडाशी असलेलं गॅरेज. यंत्रं जनावरांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. जुन्या धाटणीच्या एका मोटारसायकलीचा मूळ सायलेन्सर काढून तिथे मोठ्या आवाजाचा नवा बसवला गेला. पहिल्याच झटक्याला तो जोरात गरजला.

"दादा, जरा हळू," मोटारसायकलीचा हॉर्न त्याला म्हणाला. "खिंडीतून भुरी म्हैस रेडकू घेऊन पाण्याला जाते. मी वाजलो की ती कडेला होते. तुमच्यापुढे माझा आवाज तिला ऐकू कसा जायचा?"

"तुझी पिपाणी हवी कुणाला? मी आलो हे अख्ख्या पंचक्रोशीला कळेल!"

"आलात ते कळेल हो. कुठून आलात ते कळेल का? खिंडीत आवाज चारी बाजूंनी घुमतो."

चाकं खो खो हसली.

मोटारसायकल खिंडीत शिरली, तेव्हा हॉर्न जीव तोडून ओरडला, पण त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. गर्जना कड्याकड्यांतून घुमली. भुरी बावरली आणि नेमकी रस्त्याच्या मधोमध धावली. ती वाचली, मागचं रेडकू चाकाखाली आलं.

दुपारी पंचायत बसली.

"मी कुठे कुणाला शिवलो?" सायलेन्सर म्हणाला.

"नेलं तिकडे आम्ही गेलो," चाकं म्हणाली.

पंच असलेल्या रोडरोलरने सगळ्यांना निर्दोष सोडलं. हॉर्नची साक्ष कुणी घेतलीच नाही.

"मग माझं रेडकू मारलं कुणी?" भुरीने विचारलं.

पंचायत उठून गेली. भुरीचा पान्हा अजून आटलेला नाही आणि तिला उत्तरही मिळालेलं नाही.